एक देव, दोन गावे, एक दोर

श्रीज्ञानेश्वर माउलींची गुरुपरंपरा सांगताना आम्ही कीर्तनकार आदिनाथांमागोमाग मच्छिंद्रनाथांचे नाव घेतो. बीड जिल्ह्यातील मायंबा हे त्यांचे समाधिस्थान भाविकांस परिचित आहे. परंतु नेपाळात हेच नाथ रथारूढ होतात, हे कशेळे-कर्जतच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल.

तेथील नेवार लोक त्यांना पर्जन्यदाते मानतात. गोरक्षनाथ नागांना आसनाखाली दाबून बसले, म्हणून बारा वर्षे अवर्षण पडले. गुरू येताच ते वंदनास उठले, नाग मोकळे झाले आणि मेघ वर्षले, अशी कथा आहे. बौद्धजन त्याच मूर्तीस करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पूजितात.

देवाचा वास वर्षात काही काळ बुंगमती गावी व काही काळ पाटण ऊर्फ ललितपूर नगरी असतो. वैशाखात लाकूड व वेत यांचा सुमारे ६० फूट उंचीचा रथ भक्तजन दोरांनी ओढतात. एके दिवशी तर तो मान केवळ स्त्रियांचा! दर बारा वर्षांनी रथ बुंगमतीहूनच निघून तेथेच परततो. २०१५ साली अशीच यात्रा चालू असता २५ एप्रिलच्या भूकंपाने बुंगमतीचे मंदिर कोसळले व रथ वाटेतच थांबला. काही महिन्यांनी लोकांनी पुन्हा रथ ओढून यात्रा पूर्ण केली.

आपल्याकडे पालखीच्या मानावरून शेजारची गावे रुसतात, क्वचित भांडतातही. दोर एकट्याने ओढल्यास रथ हलत नाही, एवढे तरी नाथांच्या रथापासून आपण शिकावे.