जाळ्यांची पावसाळी निगा

कोकण किनाऱ्यावर मे महिना सरत आला की होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्यांच्यावर झावळ्यांची छपरे चढतात आणि हंगामभर खाऱ्या पाण्यात राबलेली जाळी घरोघर येऊन पडतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी हा अवकाश आवश्यक आहे, हे आता बहुतेकांना पटले आहे. परंतु मच्छीमाराच्या भांडवलाच्या दृष्टीनेही हे दोन महिने निर्णायक असतात, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. होडी व इंजिन यांच्या खालोखाल त्याचा पैसा जाळ्यांत गुंतलेला असतो, आणि पुष्कळदा तो कर्जाऊ असतो.

पूर्वी जाळी सुताची व सणाची असत. ओली राहिली की ती कुजत. म्हणून झाडांच्या तुरट सालींच्या काढ्यात ती बुडवून काढण्याची आणि वापरानंतर उन्हात वाळविण्याची शिस्त कोळीवाड्यांच्या अंगवळणी पडली होती. नायलॉन आले आणि हा खटाटोप संपला. नायलॉन कुजत नाही हे खरे. पण म्हणून त्याला काहीच होत नाही, हा समज महागात पडणारा आहे. त्याचा खरा शत्रू पाणी नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण धाग्याला पृष्ठभागापासून आतवर कमकुवत करीत जातात. जाड दोर त्यामुळे बराच काळ तग धरतो; बारीक धाग्याचे जाळे मात्र दिसायला धड असूनही मासा भरताच फाटते. म्हणजे सुती जाळ्याला तारणारी उन्हात पसरून ठेवण्याची सवयच नायलॉनच्या जाळ्याला मारक ठरते.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. एकाच रिळातील धाग्याचे दोन तुकडे घेऊन एक उन्हाळाभर छपरावर बांधावा, दुसरा पेटीत ठेवावा आणि पुढे दोन्ही ताणून पाहावेत.

जाळे ठेवण्यापूर्वी ते गोड्या पाण्याने धुवावे. वाळलेल्या मिठाचे कण धाग्यांत घासत राहतात आणि चिकटलेले खवले उंदरांना आमंत्रण देतात. उंदराला नायलॉन नको असते, त्याला माशाचा वास पुरतो. मे महिन्यात किनाऱ्यावरील अनेक गावांत पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते. तेथे जाळ्यांसाठी पाणी आणावयाचे कोठून, हा प्रश्न रास्त आहे. अशा ठिकाणी जूनच्या पहिल्या सरींखाली जाळी धुऊन घ्यावीत. त्यानंतर ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत.

फाटलेला भाग त्याच वेळी खुणेची दोरी बांधून वेगळा ठेवावा; ऑगस्टच्या घाईत तो शोधणे कठीण जाते. घडी घालताना बोयांची दोरी एका बाजूस व शिशाची दोरी दुसऱ्या बाजूस राहिली, तर जाळे गुंतत नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर आसाचे माप लिहिलेली पट्टी असावी. गळांच्या लांब दोऱ्या टोपलीत वेटोळे करून ठेवाव्यात व गळ टोपलीच्या काठावर ओळीने अडकवावेत. तत्पूर्वी ते पुसून त्यांना तेलाचा हात द्यावा. गठ्ठे जमिनीवर न टाकता आडव्या वाशांवर, भिंतीपासून दूर ठेवावेत. इंजिनाची बॅटरी तर त्या खोलीत नकोच. तिच्यातील आम्लाचे थेंब पडले, की तेवढ्या जागचे नायलॉन जळून जाते.

हे सारे करावयाचे तर जागा हवी, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. कोळीवाड्यातील घर लहान, जाळी मोठी. मग ती अंगणात प्लॅस्टिकच्या कागदाखाली दमट पडून राहतात. मासळी उतरविण्याच्या केंद्रांवर जाळी विणण्यासाठी शेड बांधण्यात येतात. त्यांच्या आराखड्यातच उंचावर वासे, हवा खेळण्यास झरोके आणि पावसाचे पाणी साठविण्याची टाकी यांचा समावेश व्हावा, असा आग्रह ग्रामपंचायतीने व मच्छीमार सहकारी संस्थेने धरावयास हरकत नाही. बांधून झालेली शेड इतर सामानाने भरून गेली, तर तिचा मच्छीमाराला उपयोग शून्य.

शेडच्या कोपऱ्यात एक रिकामे पिंपही असावे. डागडुजीत कापून टाकलेले जाळ्यांचे तुकडे बहुधा खाडीत जातात. ते कुजत नसल्यामुळे त्यांत मासे, खेकडे आणि कासवे पुढे कित्येक वर्षे अडकत राहतात.