पेटीच्या हाकेला शेजारची पेटी ओ देते का?

आज आपण इंटरनेटच्या पेटीबद्दल बोलू, म्हणजे राउटरबद्दल. ‘हे पोरांचं काम’ असं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. मागच्या पावसाळ्यात आम्हीही असंच म्हणत होतो आणि साडेतीन हजार रुपये जवळजवळ घालवून बसलो होतो.

आमच्या गावात इंटरनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंतच आली आहे. तिथून पुढे तार नाही. शाळेच्या गच्चीवर एक पेटी, पाण्याच्या टाकीवर एक आणि आमच्या ग्रामसंघाच्या खोलीवर एक. ग्रामपंचायतीकडून शाळा, शाळेकडून टाकी, टाकीकडून आम्ही, असं इंटरनेट हवेतून हातोहात येतं. आमच्या खोलीत बँक सखी बसते. निराधारचे पैसे काढायला म्हाताऱ्या बायका तिच्याकडेच येतात. जुलैमध्ये एके दिवशी अंगठा लागेना. चक्र नुसतं फिरत राहिलं. तीन आज्या भिजत आल्या तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

दुरुस्तीवाले दादा आले, पेटीकडे बघून म्हणाले, “ही गेली. नवीन घ्या, साडेतीन हजार.” आम्ही म्हटलं, हिरवा दिवा तर लागतोय! पण हिरवा दिवा एवढंच सांगतो की पेटीला वीज मिळते आहे. तिचं शेजारच्या पेटीशी बोलणं होतंय की नाही, ते दिव्यावरून नीट कळत नाही. ते बघायचं कुठे, हे आम्हाला गटातल्या एका ताईच्या मुलीनं दाखवलं. ती तालुक्याला कॉम्प्युटर शिकते.

आमच्या पेट्यांमध्ये बॅटमॅन नावाची व्यवस्था आहे. सिनेमातला नव्हे बरं का! जर्मनीत फ्रायफुंक म्हणून लोकांची चळवळ आहे, आपलं वायफायचं जाळं आपणच उभारायचं म्हणणारी. तिच्यातल्या मंडळींनी ती बनवली आणि कुणालाही फुकट वापरता येते. तिचं काम बांधावरून हाक मारण्यासारखं आहे. प्रत्येक पेटी साधारण दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी छोटी हाक देते. शेजारची पेटी ती ऐकते आणि पुढे सांगते. आपलीच हाक शेजारणीच्या तोंडून किती वेळा परत ऐकू आली, यावरून पेटी ठरवते की आपला आवाज तिकडे किती पोचतो.

हा हिशेब बघायला लॅपटॉपवरून पेटीत शिरायचं आणि ‘बॅटसीटीएल’ लिहून, एक जागा सोडून ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर टाइप करायचं. आम्हाला गंमत वाटली. हाकेला ओ, हे तर आपलंच! या आज्ञेनं पेटीत काहीही बदलत नाही, फक्त दिसतं. म्हणून भिऊ नका.

पडद्यावर ओळी येतात. एका ओळीत एका पेटीचं नाव असतं. सुरुवातीला नावाच्या जागी अगम्य अक्षरं नि आकडे दिसतात. त्या मुलीनं पेटीतल्या एका यादीत ‘शाळा’, ‘टाकी’ अशी नावं इंग्रजी अक्षरांत लिहून दिली, तेव्हा कुठे आम्हाला वाचता आलं. नावापुढे ती पेटी शेवटची कधी ऐकू आली त्याचे सेकंद असतात. एक-दोन सेकंद असतील तर ठीक. तीस-चाळीस झाले की समजायचं, तिकडून आवाज बंद पडलाय. त्यापुढे कंसात खरा आकडा असतो, २५५ पैकी. २५५ म्हणजे प्रत्येक हाक पोचली. त्यानंतर असतं, निरोप कुणाच्या हातून जातो त्या पेटीचं नाव. ओळीच्या आरंभी तारा असेल तर सध्या वापरात असलेली वाट तीच. काही ठिकाणी व्यवस्था नवी असते, तिथे २५५ च्या हिशेबाऐवजी वेगाचा आकडा दिसतो.

आमच्या पडद्यावर टाकीपुढे २४२ होते. म्हणजे आमची पेटी ठणठणीत! शाळेपुढे मात्र ५०, आणि तेही टाकीच्या हातून. मग ती मुलगी इथूनच टाकीच्या पेटीत शिरली आणि तीच आज्ञा दिली. टाकी ते शाळा थेट, ६०. दुखणं तिथे होतं आणि नवीन पेटी आमच्या खोलीत बसणार होती!

पाणी सोडणारे दादा टाकीवर चढले. वाऱ्यानं पट्टी सैल होऊन पेटीचं तोंड शाळेवरून भलतीकडेच वळलं होतं. ते वरून थोडं थोडं फिरवत होते, आम्ही खालून आकडा ओरडून सांगत होतो. ११०, १७०, २२५. तिथेच पट्टी आवळली. त्या आज्यांना निरोप धाडला आणि दुपारपर्यंत तिघींचे पैसे हातात पडले. खर्च आला तो चहाचा.

हे जमलं, कारण पेट्यांचा पासवर्ड आमच्याकडे होता. पेट्या बसवल्या तेव्हा आमच्या सचिवताईंनी तो हट्टानं मागून घेतला होता. कागद बंद पाकिटात घालून कपाटात ठेवलाय, अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत आहे. तुमच्याकडे पेटी बसवायला कुणी आलं, तर पासवर्ड हातात आल्याशिवाय पावतीवर सही करू नका.

आता दर सोमवारी बँक सखी तिन्ही जोडण्यांचे आकडे इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. पाऊस असला तर पुढे ‘पाऊस’ असंही लिहिते, कारण ओली पानं आड आली की आकडा खाली येतो. शाळेजवळची चिंच वाढतेय. गेल्या सोमवारी टाकी ते शाळा १९० होता, पाऊस नसताना. या बैठकीत फांदी छाटायचा विषय घेतला आहे.