नकाशावरचा लाल रंग

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोलत होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे, असं आपण वर न चढताच म्हणतो. कशाच्या बळावर? चुलीपाशी धूर आणि आग एकत्र पाहिलेली असतात म्हणून. या नात्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. आज तोच प्रश्न जरा चिखलात नेऊ या. जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, जमिनीची धूप किती होते ते सांगते. कशाच्या बळावर?

बहुतेक ठिकाणी यामागे एकच सूत्र असतं. विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९६५ साली पुस्तिकेच्या रूपात दिलं, १९७८ मध्ये सुधारून दिलं. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व तीव्रता, वरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, या सगळ्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं दर हेक्टरी, दर वर्षी इतके टन. संगणक काय करतो? प्रत्येक गोष्टीचा एक नकाशा घेतो, ते एकमेकांवर ठेवतो, चौकोनामागून चौकोन गुणतो आणि रंग भरतो. लाल म्हणजे धूप जास्त.

आता चूल कुठे होती ते बघा. या सूत्राचा प्रमाण वाफा २२.१३ मीटर लांब, ९ टक्के उताराचा, नांगरून उघडा ठेवलेला. मूळ निरीक्षणं साधारण ३ ते १८ टक्के उतारांवरची. आपल्या मावळात डोंगराची कूस ४० टक्क्यांच्या वर सहज जाते. तिथे आपण सूत्र ताणतो. ताणू नये असं नाही, पण ताणलंय हे माहीत असावं.

आच्छादनाची गोष्ट आणखी गमतीची आहे. ते उपग्रहाच्या चित्रावरून काढतात, आणि चित्राला निरभ्र आकाश लागतं. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ढग. म्हणून चित्र घ्यायचं नोव्हेंबरचं नाही तर मेचं. नाचणीसाठी वरकस जमीन उकरलेली असते आणि पहिले जोरदार सडाके तिच्यावर पडतात, नेमका तो पंधरवडा चित्रात नसतो! पावसाचंही तसंच. सूत्राला हवा असतो अर्ध्या तासाचा जोर, हाताशी असते बऱ्याचदा वर्षाची बेरीज. शंभर मिलिमीटर दिवसभर रिपरिपला काय आणि तासाभरात कोसळला काय, बेरजेला फरक कळत नाही. मातीला कळतो.

आणि हा गुणाकार आहे, हे विसरू नका. आच्छादनाचा आकडा ०.१ ऐवजी ०.२ धरला की धूप दुप्पट. तीन घटक प्रत्येकी २० टक्के चढे धरले, तर उत्तर ७३ टक्क्यांनी चढतं. नकाशा मात्र तितकाच देखणा दिसतो.

सगळ्यात जास्त आम्हाला खुपतं ते खाचरांचं. उंचीची माहिती पुष्कळदा ३० मीटरच्या चौकोनांची असते. भातखाचर त्याहून अरुंद असतं, बांध तर हातभर रुंदीचा. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी खाचरं संगणकाला सलग उतार म्हणून दिसतात. बांधबंदिस्तीचा आकडा त्याला वेगळा द्यावा लागतो. माहिती नसली की तिथे १ टाकतात, म्हणजे बांध नाहीतच. मग जी खाचरं वरून आलेला गाळ पिढ्यान्‌पिढ्या अडवत आली, तीच नकाशावर लाल होतात. संधारणाचा पैसा लाल रंगाकडे जातो, आणि माती घालवल्याचा ठपकाही. बरं, सूत्र फक्त पाण्याने सुटणारी माती मोजतं. ती खाली कुठे साठली, धरणात किती गेली, हे ते सांगत नाही. घळी आणि दरडी त्याच्या हिशोबातच नाहीत.

मग नकाशा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. अख्ख्या तालुक्यात आधी कुठे जाऊन पाहायचं, हे तो चांगलं सांगतो. याहून अधिक हवं असेल तर लाल आणि हिरव्या, दोन्ही जागी मे महिन्यात जमिनीत लांब खिळे ठोकावेत, वर किती उरले ते लिहावं, दिवाळीला पुन्हा मोजावं. खिळे पुष्कळ हवेत. कारण घनता १.३ धरली, तर एका हेक्टरवरचा १ मिलिमीटर थर म्हणजे १३ टन माती, आणि १ मिलिमीटर चुकायला पट्टी जराशी तिरकी धरली तरी पुरतं.