पॅडल थांबलं की मोटरही थांबते

"मोटर लावलीये ना, मग व्यायाम कसला?"

फुल-सस्पेन्शन इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. सिंहगडाच्या घाटात ऐकावा लागतो, तसाच आल्प्समधल्या पायवाटेवरही. खरं तर तो प्रश्न नसतोच, विचारणाऱ्याने निकाल आधीच दिलेला असतो. सभ्य माणूस "वयस्करांसाठी बरी आहे" म्हणून थांबतो, तरुण सायकलस्वार "ही चीटिंग आहे" म्हणून मोकळा होतो. एवढी महागडी, गुंतागुंतीची सायकल नवी घेतलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं खूप असतं. चढावर मागचं चाक कसं पकड धरतं, बॅटरी किती पुरते, शॉकमध्ये हवा किती भरावी. पण त्याचा निम्मा वेळ आपण फसवणूक करत नाही हे पटवण्यात जातो.

म्हणून आधी यंत्र समजून घ्यायला हवं. या सायकलींची मोटर बहुधा मध्यभागी, क्रँकच्या आसाभोवती बसवलेली असते. आत टॉर्क सेन्सर असतो. पाय पॅडलवर किती जोर देतायत हे तो अखंड मोजत राहतो आणि त्या जोराच्या पटीत मोटर भर घालते. बॉशची 'परफॉर्मन्स लाइन सीएक्स' ही युरोपात सर्रास दिसणारी मोटर. तिच्या पाचव्या पिढीच्या मोटरसाठी २०२४ मध्ये कंपनीने कमाल ३४० टक्के साथ जाहीर केली. म्हणजे स्वाराने १०० वॉट दिले तर मोटर ३४० वॉटपर्यंत देणार. स्वाराने शून्य दिलं तर शून्याच्या ३४० टक्के, म्हणजे काहीच नाही. माइकपुढे कुणी बोललंच नाही तर भोंग्यातून आवाज येत नाही, तसंच हे आहे. सायकल हाताने ढकलताना मदत करणारा, पायी चालण्याच्या वेगाचा 'वॉक मोड' वगळला, तर पाय थांबले की मोटर थांबते.

वेगालाही कुंपण आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार मोटरची अखंड चालण्याची क्षमता २५० वॉटपेक्षा जास्त असता कामा नये, आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत तिची साथ कमी होत पूर्ण थांबली पाहिजे. त्यापुढचा वेग हवा असेल तर चोवीसेक किलोची सायकल स्वाराने स्वतःच्या पायांवर ओढायची. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियमांत पॅडलला साथ देणाऱ्या सायकलींसाठी जवळपास हीच चौकट आहे. मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी, ताशी २५ किलोमीटरला साथ बंद, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. या चौकटीत बसणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही, त्यामुळे परवाना आणि नोंदणीही लागत नाही.

आपल्याकडे हा गैरसमज इतका चिवट का, याचं एक सरळ कारण आहे. भारतीय रस्त्यांवर दिसणाऱ्या बऱ्याचशा ई-सायकलींना मागच्या चाकात मोटर आणि हँडलवर थ्रॉटल असतो. थ्रॉटल पिळला की पाय न हलवता सायकल धावते. शहरात कामावर जायला ती सोय उत्तमच आहे. पण ती बघून डोंगरातल्या टॉर्क सेन्सरवाल्या सायकलीबद्दल मत बनवणं चूक. दोन्हींत बॅटरी आहे, याखेरीज त्यांच्या वागण्यात फारसं साम्य नाही.

आता व्यायामाचं बघू. इथे शंका येणं रास्त आहे, म्हणून पुरावा सांगायला हवा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ सराईत माउंटन बाइकस्वारांना एकाच वाटेवर एकदा साधी आणि एकदा इलेक्ट्रिक सायकल चालवायला दिली. इलेक्ट्रिकवर त्यांच्या हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलीवरच्या ठोक्यांच्या ९४ टक्के भरले. दोन्ही वेळा ते जोरकस व्यायामाच्या पट्ट्यात होते. अभ्यास छोटा होता आणि स्वार कसलेले होते, हे विसरून चालणार नाही. नवख्या माणसाचा आकडा वेगळा येऊ शकेल. पण "व्यायामच होत नाही" हे विधान या ९४ टक्क्यांपुढे टिकत नाही.

त्याच वर्षी सात युरोपीय शहरांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणावर आधारलेला एक निबंध आला. ई-सायकल वापरणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साधी सायकल वापरणाऱ्यांच्या तोडीची निघाली, कारण ई-सायकलवाले लांबच्या फेऱ्या करत होते. ही शहरातली सायकल होती, डोंगरातली नव्हे, आणि माहिती लोकांनी स्वतः भरून दिलेली होती. तरीही कल स्पष्ट आहे.

टीकाकारांचा सगळा गोंधळ एका ठिकाणी होतो. ते चढामागे मोजतात, शरीर मात्र वेळेमागे मोजतं. एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. स्वार ७५ किलो, सायकल २४, पाणी-हत्यारं-कपडे ६; एकूण १०५ किलो. साधारण ६०० मीटरचा चढ धरू, सिंहगडाच्या घाटासारखा. एवढं वजन तेवढं वर न्यायला सुमारे १७० वॉट-तास ऊर्जा लागते, टायरचं घर्षण आणि वारा वेगळा. स्वार सातत्याने १२० वॉट देतोय आणि मोटर त्याच्या दुप्पट, म्हणजे २४० वॉट. यातले थोडे वाया गेले तरी चढ पस्तीसेक मिनिटांत संपतो. त्यात स्वाराच्या पायांचा वाटा सत्तर वॉट-तासांच्या आसपास. साध्या सायकलीवर १२० वॉट देणाऱ्या त्याच माणसाला दीड तास तरी हवा.

म्हणजे एका चढापुरतं पाहिलं तर कष्ट निम्म्याहून कमी झाले, हे टीकाकारांचं म्हणणं खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पस्तीस मिनिटांतल्या प्रत्येक मिनिटाला पाय तेच १२० वॉट देत होते, तोच दम, तोच घाम. आणि दीड तास हाताशी असेल तर माणूस पस्तीस मिनिटांनी घरी जात नाही, तो खाली उतरून दुसऱ्यांदा चढतो. ज्याला आराम हवा त्याला सर्वांत जास्त साथ देणारा 'टर्बो' मोड लावून पाय हलके ठेवता येतात, हेही खरं. तो निर्णय स्वाराचा असतो, मोटरचा नाही. साध्या सायकलीवर रमतगमत जाणाऱ्याला आपण "तुझा व्यायाम खोटा" असं कुठे म्हणतो?

आणि फसवणूक? फसवणूक स्पर्धेत होते, तीही लपवून केली तर. रस्त्यावरच्या शर्यतीत फ्रेममध्ये मोटर दडवणं हा गुन्हाच आहे आणि त्यासाठी शिक्षा झालेल्या आहेत. पण जागतिक सायकलिंग महासंघ २०१९ पासून ई-माउंटन बाइकची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतो. पहिली कॅनडातल्या माँ-सँत-आन इथे झाली आणि पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हॅथर्ली जिंकला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या लिओगांगला ब्रिटनचा टॉम पिडकॉक जिंकला. हाच पिडकॉक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये साध्या माउंटन बाइकवर सुवर्णपदक घेऊन आला, आणि हॅथर्लीने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. मोटरमुळे पाय आळसावत असते तर हे दोघं त्या वाटेला गेले नसते.

या टोमण्याचं खरं नुकसान दुसरीकडे होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला, हृदयविकारानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा हालचाल सुरू केलेला, साठी ओलांडलेला माणूस, किंवा नवऱ्याच्या वेगाशी जुळवता येत नाही म्हणून दर रविवारी घरी राहणारी बायको: यांच्यासाठी ही सायकल म्हणजे डोंगरात परतण्याची वाट आहे. त्यांना पहिल्याच चढावर "चीटिंग" ऐकवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, आणि तो थांबायला हवा.

व्यायामानंतर दुसरा हट्टी समज सस्पेन्शनचा. पुढे फोर्क, मागे शॉक, दोन्हीकडे दीडशे मिलिमीटरच्या आसपास हालचाल. हे सगळं बुडाला आरामासाठी, आणि चढावर ताकद खाणारं ओझं, असं सांगितलं जातं. सस्पेन्शनचं मुख्य काम टायर जमिनीला चिकटवून ठेवणं. खडकाळ चढावर मोटरचा जोर मागच्या चाकावर आला आणि ते क्षणभर उचललं गेलं, तर चाक जागीच फिरतं आणि स्वार पाय टेकवतो. मागचा शॉक चाकाला दगडाच्या आकाराबरोबर वरखाली होऊ देतो, म्हणून बसल्याबसल्या पॅडल मारत वर जाता येतं. बिनमोटरच्या सायकलीवर गुळगुळीत घाटरस्त्यात मागचा शॉक थोडी ताकद खातो, हे मान्य. मोटर असली की तो तोटा जाणवेनासा होतो आणि फायदा तेवढा उरतो.

नव्या मालकांची "सायकल फार कडक लागते" किंवा "मागे बसते" ही तक्रार बहुतेकदा हवेची असते. पूर्ण पोशाखात सायकलवर बसल्यावर मागचा शॉक त्याच्या एकूण हालचालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास दबला पाहिजे. यालाच 'सॅग' म्हणतात. दुकानातून आलेला दाब कुणा दुसऱ्याच्या वजनाचा असू शकतो. शॉकचा खास पंप वेगळा मिळतो; टायरच्या पंपाने हे काम होत नाही. दहा मिनिटांची मेहनत आहे, आणि ती न करता सायकलीला नावं ठेवणारे बरेच आहेत.

बाकीचे समज थोडक्यात. "२५० वॉट म्हणजे अगदीच दुबळी" हे चूक, कारण तो आकडा अखंड चालण्याचा आहे. चढावर थोडा वेळ हीच मोटर ६०० वॉटपर्यंत जाते. "पावसात विजेचा झटका बसतो" यालाही आधार नाही. ही बॅटरी बहुतेकदा ३६ व्होल्टची असते आणि जोडण्या पाणी-चिखल धरूनच बांधलेल्या असतात. फक्त प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंग आणि जोडण्यांवर मारू नये. "इलेक्ट्रिक सायकली वाटा उकरून टाकतात" याची पडताळणी आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेने २०१५ मध्ये ऑरेगनच्या जंगलात केली. पॅडलला साथ देणाऱ्या ई-सायकलीने हललेली माती साध्या माउंटन बाइकच्या जवळपास होती, मोटारसायकलने हललेली मात्र कितीतरी जास्त. "बॅटरी पेटतात" ही भीती निराधार नाही, पण तिचं तोंड स्वस्त, अप्रमाणित किंवा घरगुती जुळणीच्या बॅटरीकडे वळवावं. न्यूयॉर्क शहराने अशा आगींनंतरच २०२३ मध्ये विक्रीसाठी सुरक्षा प्रमाणपत्राची सक्ती केली.

"उतारावर बॅटरी चार्ज होते ना?" हा प्रश्न आपल्याकडे विशेष आवडता. होत नाही. उतारावर पाय थांबतात, फ्रीव्हीलमुळे चेन फिरत नाही, त्यामुळे मधली मोटर फिरत नाही, मग वीज कुठून येणार? समजा यंत्रणा बदलली, तरी सहाशे मीटर उतरून मिळू शकणारे १७० वॉट-तास बरेचसे वाऱ्यात, टायरमध्ये आणि ब्रेकच्या उष्णतेत जाणार. पॅडल मारून ७५० वॉट-तासांची बॅटरी भरायची म्हटली तर १०० वॉट देणाऱ्या माणसाला साडेसात तास थांबता येणार नाही. घरच्या प्लगला पर्याय नाही.

परदेशातून येताना ही सायकल सामानात घालून आणू, असं ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रवासी विमानात विमान कंपनीच्या परवानगीनेही १६० वॉट-तासांपुढची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात.

एक समज उलट्या दिशेचा आहे आणि तो घातक आहे: मोटर आहे, तर कौशल्याची गरज नाही. चढावर मोटर नवख्यालाही अशा माथ्यावर पोचवते, जिथे पूर्वी तयारीचाच माणूस पोचायचा. उतरताना मात्र मोटर काही करत नाही, आणि साध्या फुल-सस्पेन्शन सायकलीपेक्षा आठ-दहा किलो जास्त वजन सुटलेलं असतं. म्हणूनच या सायकलींना मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे ब्रेक देतात. जास्त जोरामुळे चेन आणि ब्रेक पॅडही लवकर झिजतात. चेनची झीज मोजायचं साधं गेज मिळतं, ते घरी असावं. सुरुवातीच्या फेऱ्या ओळखीच्या, रुंद वाटेवर कराव्यात, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरायला शिकावं. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी मोटर पूर्ण बंद ठेवून नेहमीच्या वाटेने घरी यावं, म्हणजे डोंगरात बॅटरी संपली तर चोवीस किलो घेऊन परतायला किती वेळ लागतो आणि किती पाणी बरोबर ठेवायचं, याचा अंदाज येतो.