पुरवठादारांचा धूर, कंपनीची जबाबदारी
रायपूर परिसरातील पोलाद उद्योगाच्या निमित्ताने पुरवठा साखळीच्या नव्या नियमांचा परिचय

छत्तीसगडचे प्रशासकीय केंद्र असलेल्या नवा रायपूर येथे २०१२ मध्ये राज्याचे मंत्रालय हलविण्यात आले. राज्याच्या स्थापनेस २५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, तेथेच नव्या विधानसभा भवनाचे उद्घाटन झाले. आखीव रस्त्यांच्या या नगरापासून काही अंतरावर, जुन्या रायपूर शहराच्या उत्तरेस, उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, मिश्रधातूंचे कारखाने आणि त्यांच्या आधारे चालणाऱ्या लहानमोठ्या कार्यशाळा येथे दाटीने वसलेल्या आहेत.

येथील लोखंड देशभरातील बांधकामांत, यंत्रांत आणि वाहनांत जाते. अंतिम वस्तूवर मोठ्या कंपनीचे नाव असते. ती घडविताना निघालेला धूर आणि त्यासाठी राबलेले हात मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हिशेबात जमा असतात. हा हिशेब एकत्र मांडण्याचा प्रयत्न म्हणजे पुरवठा साखळीतील शाश्वतता होय.

संकल्पना काय आहे?

कंपनीची जबाबदारी तिच्या कुंपणापाशी संपते, असे दीर्घकाळ मानले जात होते. उत्पादनाचे निरनिराळे टप्पे बाहेरून करून घेण्याची पद्धत वाढली, तसतसे हे गृहीतक अपुरे ठरू लागले. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची त्यामुळे तीन गटांत विभागणी करण्यात येते. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या आणि वाहनांतून होणारे उत्सर्जन पहिल्या गटात येते. विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे उत्सर्जन दुसऱ्या गटात, तर कच्चा माल, वाहतूक आणि विकलेल्या वस्तूचा वापर यांतून होणारे उत्सर्जन तिसऱ्या गटात मोडते. अनेक उद्योगांत हा तिसरा गटच सर्वांत मोठा असतो.

सामाजिक बाजूही अशीच आहे. किमान वेतन, सुरक्षेची साधने, कामाचे तास आणि बालमजुरीस प्रतिबंध या गोष्टी मुख्य कारखान्यात पाळल्या जात असल्या, तरी त्याच्या पुरवठादाराच्या शेडमध्ये त्या पाळल्या जात असतीलच असे नाही.

स्पंज आयर्नची साखळी

स्पंज आयर्नच्या निर्मितीत भारत जगात अग्रस्थानी असून छत्तीसगड हे त्यातील एक प्रमुख राज्य आहे. लोहखनिज आणि दगडी कोळसा फिरत्या भट्टीत सुमारे एक हजार अंश तापमानास तापवून खनिजातील प्राणवायू काढून टाकला जातो. उरलेले सच्छिद्र लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे पोलाद केले जाते. कोळशावर आधारित असल्याने या प्रक्रियेत कार्बनचे उत्सर्जन अधिक होते. शिवाय धूळ आणि राख निर्माण होते.

भट्टीतून निघणारी धूळ अडविण्यासाठी उच्च दाबाच्या विजेवर चालणारे विद्युत अवक्षेपक बसविले जातात. धुळीच्या कणांना विद्युतभार देऊन ते धातूच्या पट्ट्यांकडे ओढून घेणे, हे त्यांचे कार्य. यंत्रणा बसविणे हा एकदाचा खर्च असला, तरी ती चालविणे हा रोजचा खर्च आहे आणि खरी अडचण येथेच उद्भवते. खरेदीदार केवळ प्रतिटन भाव पाहत असेल, तर यंत्रणा अखंड चालविणाऱ्या कारखानदारापेक्षा ती अधूनमधून बंद ठेवणारा स्पर्धेत पुढे राहतो. त्याची किंमत आसपासच्या भातशेतीवर आणि रहिवाशांच्या फुप्फुसांवर पडते.

सुरक्षेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिलतरा येथील एका पोलाद कारखान्यात बांधकाम कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर जबाबदार कोण, हा प्रश्न कारखाना, ठेकेदार आणि तपासणी यंत्रणा यांच्यात फिरत राहतो.

दल्लीराजहराचा धडा

हा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या कारखान्यास दल्लीराजहरा येथील खाणींतून लोहखनिज मिळत असे. कारखान्यातील कायम कामगारांसाठी वसाहत, शाळा आणि रुग्णालय होते. खाणीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुरांच्या वाट्यास मात्र यांपैकी फारसे काही येत नव्हते.

१९७७ मध्ये या मजुरांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना केली. शंकर गुहा नियोगी हे तिचे नेते होते. त्याच वर्षी आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या श्रमांतून आणि वर्गणीतून उभारलेले शहीद रुग्णालय १९८३ मध्ये सुरू झाले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे हत्या झाली. सार्वजनिक क्षेत्रातील नामांकित कारखान्याच्या साखळीतही ठेकेदार हा दुवा आला, की जबाबदारी कशी पातळ होते, हे या घटनांतून दिसून आले.

नियम काय सांगतात?

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक केला. जुलै २०२३ मध्ये या अहवालाचा गाभा निश्चित करण्यात आला. उत्सर्जन, पाणी, ऊर्जा आणि कचरा यांच्या जोडीला कामगारांची सुरक्षितता, स्त्रियांचा सहभाग आणि पुरवठादारांशी होणारा व्यवहार यांचाही त्यात समावेश आहे.

पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची व ग्राहकांचीही माहिती द्यावी, असे त्या वेळी ठरले होते. उद्योगांच्या अडचणी लक्षात घेऊन मार्च २०२५ मध्ये ही अट शिथिल करण्यात आली आणि २०२५-२६ पासून ही माहिती देणे ऐच्छिक ठेवण्यात आले. तसेच ज्या भागीदाराचा कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत मूल्यानुसार किमान दोन टक्के वाटा आहे, तोच या कक्षेत येईल, असे स्पष्ट करण्यात आले.

यामुळे गणना सुकर झाली असली, तरी एक फट राहून गेली आहे. उरला येथील दहा-वीस कामगारांच्या कार्यशाळेचा एखाद्या मोठ्या कंपनीच्या खरेदीत दोन टक्के वाटा असणे दुरापास्तच. त्यामुळे जेथे कामाची परिस्थिती सर्वांत कठीण असण्याचा संभव आहे, तेच घटक मोजमापाबाहेर राहू शकतात.

कामगार कायद्यांतही असाच एक बदल झाला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी ती ५० करण्यात आली. अर्थात, वेतन संहितेतील किमान वेतनाचा हक्क लहान आस्थापनांतील कामगारांनाही लागू आहे.

परदेशी बाजारपेठेचा दबावही वाढत आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा प्रत्यक्ष आर्थिक टप्पा लागू झाला. पोलाद व ॲल्युमिनियम त्यात समाविष्ट आहेत. देशांतर्गत पातळीवर केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. त्यानुसार एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड समतुल्य उत्सर्जन असल्यासच ते पोलाद हरित ठरते.

तपासणीच्या मर्यादा

पुरवठादाराकडे प्रश्नावली पाठविणे आणि वर्षातून एकदा तपासनीस धाडणे, ही कंपन्यांची प्रचलित पद्धत आहे. तिच्यावर किती विसंबावे, याचे दारुण उदाहरण कराची येथे घडले. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील अली एन्टरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यास लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. या कारखान्यास सामाजिक मानकांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून अवघे काही आठवडे झाले होते.

पूर्वसूचना देऊन केलेल्या तपासणीत दाखविण्याजोगे तेवढे दिसते. धूर किती वाजता निघतो आणि मजुरी कोणत्या तारखेस मिळते, हे कामगार व शेजारचे ग्रामस्थ अधिक नेमकेपणाने सांगू शकतात. त्यामुळे त्यांच्याशी मालकाच्या अनुपस्थितीत संवाद साधणे आणि तक्रार करणाऱ्यास संरक्षण देणे, हा तपासणीचा आवश्यक भाग मानला पाहिजे.

वेळेवर पैसे, हीदेखील शाश्वतता

पुरवठादाराकडून अपेक्षा करणाऱ्या कंपनीने स्वतःचे वर्तनही तपासणे क्रमप्राप्त आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे देयक करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, तर करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. मुदतीत पैसे न दिल्यास त्या खर्चाची आयकरातील वजावट प्रत्यक्ष देयक अदा होईपर्यंत मिळत नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली.

या तरतुदींचा पर्यावरणाशी थेट संबंध आहे. चार महिने पैसे अडकलेला कारखानदार धूळ रोखणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती पुढे ढकलतो आणि मजुरांचे वेतनही लांबवितो. सेबीच्या अहवालात देयकास लागणाऱ्या सरासरी दिवसांचा तपशील मागितला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

काय करता येईल?

खरेदीचा भाव ठरविताना प्रदूषण नियंत्रणाचा चालू खर्च त्यात धरणे, चांगले काम करणाऱ्या पुरवठादारास दीर्घ मुदतीचा करार देणे आणि भट्टीतील वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीजनिर्मिती करण्यासारख्या प्रकल्पांत त्यास तांत्रिक साहाय्य करणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या शाश्वत झेड प्रमाणन योजनेत एप्रिल २०२२ पासून कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन स्तरांवर लघुउद्योगांचे मूल्यांकन होते. त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. अनेक खरेदीदारांच्या वेगवेगळ्या प्रश्नावल्यांऐवजी अशा एकाच प्रमाणपत्रास मान्यता मिळाल्यास लहान कारखानदाराचा वेळ व पैसा वाचेल.

दोष आढळताच पुरवठादाराशी संबंध तोडणे हा वरकरणी कठोर, परंतु अनेकदा सोयीस्कर उपाय ठरतो. त्यामुळे कंपनीच्या अहवालातील आकडे सुधारतात. भट्टी दुसऱ्या खरेदीदारासाठी चालू राहते आणि कामगार तेथेच असतो. सुधारणेसाठी ठराविक मुदत व साहाय्य देऊन, त्यानंतरही बदल न झाल्यास संबंध संपविणे, हा अधिक जबाबदार मार्ग होय.

नवा रायपूरमधील कार्यालयांत धोरणे आखली जातील आणि मुंबईत कंपन्यांचे अहवाल छापले जातील. त्यांचे यश मात्र सिलतऱ्यातील रात्रीच्या आकाशावरून आणि तेथील मजुराच्या हाती वेळेवर पडणाऱ्या वेतनावरूनच ठरणार आहे.