पाण्याचा पापुद्रा आणि लेसरचा तडाखा

आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीस जाणारा प्रवासी घावन खाऊन निघाला असेल, तर आमच्या विषयाचा पहिला धडा त्याच्या चुलीवरच झालेला असतो. पीठ ओतण्यापूर्वी तव्यावर पाणी शिंपडतात. तवा बेताचा तापला असेल तर ते चर्र करून आटते; फाजील तापला असेल तर थेंब मोत्यांसारखे नाचत राहतात. थेंबाखाली वाफेची गादी होते व ती उष्णतेस अडवते. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली हे लिहून ठेवले. आमच्या गृहिणींना ते ठाऊकच होते, लिहिते कोण!

पण ही गादी होण्यास वेळच दिला नाही तर?

पाणी १०० अंशांस उकळते, असे आपण शाळेत घोकतो. ते अर्धेच खरे. बुडबुडा उठण्यास आधार लागतो; भांड्याच्या खाचेत दडलेली हवा तो पुरवते. बुडबुडे उठण्याआधीच उष्णता घाईने आली, तर शंभरी ओलांडूनही पाणी पाणीच राहते. ३०० अंशांच्या आसपास मात्र आधाराची गरज उरत नाही. तापलेल्या पाण्यात जागोजाग एकदम वाफ होते. त्या तपमानास वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे ८५ पट असतो. याला उकळणे म्हणणे म्हणजे सुरुंगाला फटाका म्हणणे होय.

ही घाई १९६० साली जन्मलेल्या लेसरला साधते. सेकंदाचा दहा कोटीवा भाग टिकणारा झोत ओल्या पृष्ठभागावर पडला, की पृष्ठभाग तापतो. पण तेवढ्या वेळात उष्णता पाण्यात मिलिमीटरचा जेमतेम पंचवीस हजारावा भाग शिरते. पाण्याचा थर याच्या पंचवीस पट जाड असला, तर वरचे पाणी जवळजवळ थंडच राहते. तळचा पापुद्रा फुटतो आणि वरचा थर झाकणासारखा उडवून देतो. उडालेले बहुतेक पाणी उकळलेलेच नसते!

याचा उपयोग काय? खाडीकाठची जाडी वाळू हातावरून झटकता येते, पिठाची भुकटी मात्र चिकटून बसते. कण बारीक होतो तसे त्याचे वजन झपाट्याने घटते, चिकटण्याचा जोर तितका घटत नाही. संगणकासाठी घडवायच्या सिलिकॉनच्या चकतीवर असा एक कण राहिला, तरी त्या जागचे मंडल वाया जाते आणि फुंकरीने तो हलत नाही. १९९०च्या सुमारास संशोधकांनी चकतीवर मद्यार्क मिसळलेल्या पाण्याचा पातळ थर धरून तीवर लेसरचा तडाखा दिला. थर उडाला, त्याबरोबर कणही गेले. कोरड्या चकतीवर हेच करण्यास अधिक जोराचा झोत लागतो, आणि तो थोडा जास्त झाला की चकतीच वितळू लागते.