चिखलातली निवटी कशी ओळखाल?

ओहोटीला खाडीच्या चिखलावर काहीतरी टुणकन उडतं. बेडूक नव्हे, ती निवटी. पहिली खूण डोळ्यांची: डोक्याच्या अगदी माथ्यावर, एकमेकांना खेटून वर आलेले. कोरडे पडू लागले की ती ते खोबणीत ओढून ओले करून घेते. छातीचे पर बुडाशी मांसल असतात आणि त्यांच्यावर रेलत ती सरकते. पोटाखालचे पर तर जुळून एकच चकती झालेली, जी खरब्या माशांच्या कुळात सहसा दिसते. कल्ल्यांत साठवलेलं पाणी आणि ओली त्वचा, यांच्या जोरावर पाण्याबाहेर श्वास चालतो.

आपल्याकडे मुख्यतः आढळते ती बोलिऑफ्थाल्मस डुसुमिएरी. पाठीवर दोन पर असतात. पहिल्याला पाच लांब काटे, दुसरा थेट शेपटीजवळ पोचणारा. पेरिऑफ्थाल्मस या दुसऱ्या प्रजातीत हा दुसरा पर बराच आखूड असतो. मला विचाराल तर पर मोजण्याआधी तिचं खाणं बघा. मान नसलेला हा मासा डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचं शेवाळ खरवडत असेल, तर तो बोलिऑफ्थाल्मस. पेरिऑफ्थाल्मस मात्र किडे आणि छोटे खेकडे टिपतो.